जिप्सी किंग २ इंच लिफ्ट: कॅस्टर, प्रॉपेलर शाफ्ट आणि ड्रॅग लिंक यांच्या कामाच्या नोंदी

गाडी: मारुती जिप्सी किंग, एमजी४१३डब्ल्यू, २०११ ची, सॉफ्ट टॉप. पॉवर स्टिअरिंग नाही. पुढेमागे दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर. पुढच्या हबला हाताने फिरवायचे लॉक, ते सोडले की पुढची चाकं शाफ्टपासून सुटतात.

आधी झालेलं काम: चारही पाट्यांचे सेट बदलून ५० मिमी लिफ्ट (गाडी तेवढी उंच), त्यावर मूळ मापापेक्षा २५ मिमी लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणारी पट्टी), लांब शॉक, २१५/७५ आर१५ टायर. मूळ टायर २०५/७० आर१५. नव्या टायरचा व्यास साधारण ३५ मिमी जास्त, म्हणजे स्पीडोमीटर ५ टक्के कमी दाखवतो. खालचे सगळे वेग जीपीएसवरचे आहेत.

लिफ्टनंतरच्या तक्रारी तीन. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. ऐंशीच्या पुढे गाडी रस्ता शोधत फिरते. आणि ६५ च्या आसपास फ्लोअरमधून गुरगुर येते.

कायद्याबद्दल एकदाच सांगून पुढे जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याच्या विरुद्ध आहेत. अपघातात विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. हे माहीत असेल तरच पुढचं उपयोगाचं.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार: फक्त मोजमाप

नवे पाटे ५००-६०० किलोमीटर चालून बसल्याशिवाय मोजायचं नाही. पहिल्या आठवड्यात उंची कमी होत राहते आणि तेव्हाचे सगळे कोन नंतर चुकतात.

फरशी लेव्हल आहे असं गृहीत धरू नये. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चार चाकांच्या जागा तपासल्या. मागची उजवी जागा ६ मिमी खाली निघाली, तिथे प्लायचा तुकडा ठेवला. टायरमध्ये २६ पीएसआय, टाकी अर्धी, गाडीत सामान काही नाही. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची घेतली: पुढे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, मागे उजवी ८ मिमी कमी. पुढे-मागे १० मिमीचा फरक पडला तर २३७५ मिमीच्या व्हीलबेसवर कॅस्टरमध्ये, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागच्या झुकावात, पाव अंशापेक्षा किंचित कमी फरक पडतो. त्यामुळे लिफ्टची उंची कॅस्टरच्या आधी पक्की करायची, नंतर नाही.

कॅस्टर घरी मोजता येतो. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज (१,३०० रुपये), रिमच्या वरच्या-खालच्या कडांना टेकेल अशी सरळ पट्टी आणि चाकाखाली टर्न प्लेटऐवजी (चाक वळवायची फिरती तबकडी) दोन गुळगुळीत पत्रे, मध्ये ग्रीस. पत्र्यांच्या जाडीइतक्या फळ्या मागच्या चाकांखालीही हव्यात. सीट आणि ब्रेक पेडल यांच्यात दांडा अडकवून ब्रेक दाबून ठेवायचा, नाहीतर चाक वळताना थोडं गडगडतं आणि आकडा बिघडतो. चाक २० अंश बाहेर वळवून गेज शून्य करायचा, मग २० अंश आत वळवून वाचायचं. जो आकडा येईल त्याला १.४६ ने गुणायचं. उजवीकडे १.१ आला, म्हणजे कॅस्टर १.६ अंश. डावीकडे १.३, म्हणजे १.९. मूळ गाडीला ३.५ अंश अपेक्षित. चाक सरळ परत आणतो तो हाच कोन, म्हणजे स्टिअरिंग परत न येण्याचं उत्तर इथेच मिळालं.

टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा मागच्यापेक्षा किती जवळ) ४ मिमी, म्हणजे मॅन्युअलच्या २ ते ६ मिमीमध्येच. सरळ अ‍ॅक्सलवर टाय रॉड एका नकलपासून (चाक धरून वळवणारा भाग) दुसऱ्या नकलपर्यंत जातो, लिफ्टने त्याच्या लांबीवर परिणाम होत नाही. 'लिफ्ट केली, आता अलाइनमेंट करून घ्या' या सल्ल्याने टो-वर पैसे खर्च होतात आणि दुखणं तिथेच राहतं. अलाइनमेंटवाला खरंच सांगतो, जिप्सीला कॅस्टर-कॅम्बर सेट होत नाही, फक्त टो होतो. त्याच्या मशीनवर ते होत नाही, पाट्यांपाशी होतं.

मागच्या प्रॉपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) कोन: ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) मागचा फ्लँज ३.० अंश मागे झुकलेला, शाफ्टचा उतार १३.५, पिनियनचं (अ‍ॅक्सलमधला, शाफ्ट जोडतो तो गिअर) नाक ४.६ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा सांधा) १०.५ आणि मागच्या क्रॉसवर ८.९ अंश. दोन्ही क्रॉसवरचे कोन सारखे असतील तर एकाने केलेली वेगाची चढउतार दुसरा खोडून काढतो. इथे १.६ अंशांचा फरक उरतोय. ६५ ला गाडी न्यूट्रलवर सोडली तरी गुरगुर तशीच राहते, हब अनलॉक करूनही राहते. म्हणजे इंजिन नाही, पुढचा शाफ्टही नाही. मागचाच.

९ नोव्हेंबर, रविवार: आधी प्ले (सांध्यांतला ढिलेपणा) काढणे

ढिल्या किंगपिनवर (नकल जिच्यावर वळते ती खुंटी) कॅस्टर मोजणं म्हणजे हलत्या तराजूत वजन करणं. त्यामुळे पाचर (कोन बदलायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात ठेवायची उतरती पट्टी), पाटे यांना हात लावण्याआधी पुढचा अ‍ॅक्सल घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेतला. चाक वर-खाली धरून हलवलं, मदतनीसाने ब्रेक दाबला तरी डाव्या चाकात हालचाल उरली. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली असती तर हब बेअरिंगवर संशय. थांबली नाही, म्हणजे किंगपिन.

टाय रॉडचे एन्ड सोडवले. एन्डच्या आट्यांवर हातोडा मारायचा नाही. पुलर नसेल तर नट दोन फेरे अडकवून ठेवायचा आणि नकलच्या हाताला बाजूने, मागे दुसरा जड हातोडा धरून, एक खणखणीत ठोका द्यायचा. टेपर सुटतो.

नकलच्या मागचं सील सोडवून, नकलच्या टोकाला ताणकाटा लावून ओढलं. सील नसताना नकल हलायला १ ते १.८ किलो ओढ लागायला हवी. उजवीकडे १.२, डावीकडे जेमतेम ०.४. डाव्या बाजूची खालची बेअरिंग रेस (रोलर फिरतात ते कडं) उघडली तर रोलरच्या जागी ओळीने खाचा उमटलेल्या, बोटाच्या नखाला लागतात. खाचा असलेल्या रेसवर शिम (पातळ पत्र्याची चकती) कमी करून ताण आणला तर चाक मधल्या जागी अडकल्यासारखं वागतं. त्यामुळे शिमचा खेळ न करता दोन्ही बाजूंची चारही बेअरिंग आणि सील बदलली. २,६०० रुपये, पुण्याच्या नाना पेठेत एका फेरीत सगळं मिळालं. वरची आणि खालची किंगपिन वेगळी असते, काढतानाच खूण करावी. वरच्या किंगपिनखालचं ०.१ मिमीचं एक शिम काढल्यावर डावी १.४ वर आली.

जुनी रेस काढण्यात अर्धा दिवस गेला. पितळी ड्रिफ्टने आलटून पालटून ठोकायचं. एका बाजूने ठोकली की तिरकी होऊन घट्ट बसते आणि मग ती कोणाच्या बापाला निघत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार: लांब शॅकल बाहेर

या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग हाच, आणि नेमका हाच लोक टाळतात, कारण लांब शॅकल दिसायला छान दिसतात.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. शॅकल २५ मिमी लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या हिशेबाने २५ मिमी खाली जातं. अ‍ॅक्सल पाट्याच्या मधोमध, म्हणून उंची मिळते निम्मीच, साधारण १२ मिमी. पण पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर अ‍ॅक्सल फिरतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. मीटरभर लांबीच्या पाट्यावर २५ मिमी म्हणजे जवळजवळ दीड अंश कॅस्टर गेला, तोही १२ मिमी उंचीसाठी. मागे शॅकल मागच्या टोकाला असतं, तिथे तोच झुकाव पिनियनचं नाक वर उचलतो आणि शाफ्टचे दोन कोन वेगळे होतात. पुढची आणि मागची, दोन्ही दुखणी एकाच लोखंडाच्या पट्टीतून आली होती.

मूळ मापाचे शॅकल, नवे रबर बुश (९०० रुपये). शॅकलचे नट गाडी घोड्यांवर असताना फक्त हाताने लावायचे, शेवटचा आवळ चाकं जमिनीवर आणि गाडी दोन-चारदा दाबून झाल्यावर. हवेत आवळले तर बुश कायमचे पीळ खाऊन राहतात, गाडी एका बाजूला उंच दिसते आणि बुश वर्षभरात फाटतात.

पुन्हा मोजमाप. उंची १२-१३ मिमी कमी. कॅस्टर उजवीकडे २.९, डावीकडे ३.१. मागे शाफ्टचा उतार १२.५, पिनियन ३.२, म्हणजे क्रॉसवर ९.५ आणि ९.३. फरक ०.२.

६५ ची गुरगुर बरीच गेली, पूर्ण नाही. शाफ्ट काढून क्रॉस हाताने फिरवले तर एका ठिकाणी खटका लागत होता. चुकीच्या कोनात चालून बेअरिंगच्या सुयांच्या रेघा पडल्या होत्या. मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले, १,३०० रुपये. सरक्लिप काढून व्हाइसमध्ये दोन सॉकेट धरून दाबायचे. दाबताना एक सुई आडवी पडली तर कप शेवटचे दोन-तीन मिमी आत जात नाही. तिथे जोर न लावता कप परत काढायचा. शाफ्टचे दोन भाग वेगळे करण्याआधी पंचने खूण हवीच. स्प्लाइन (सरकत्या जोडाचे दात) एक दात चुकून बसला की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत राहत नाहीत, आणि मग नव्या क्रॉसवरही गुरगुर येते.

आता गुरगुर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार: तयार २ अंशांच्या पाचरी, फसलेला प्रयोग

३ अंशांवर थांबता आलं असतं. पण टायर मोठे आहेत आणि महामार्गावर गाडी अजून किंचित हलकी वाटत होती, म्हणून थोडा कॅस्टर वाढवायचं ठरलं. बाजारात तयार मिळाल्या त्या २ अंशांच्या अ‍ॅल्युमिनियम पाचरी, ५० मिमी रुंद, १,८०० रुपये जोडी. जिप्सीचा पाटा ४५ मिमीचा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी बाहेर येतात, आणि यू-बोल्ट (अ‍ॅक्सल आणि पाटा एकत्र आवळणारा) त्या कडांवर बसतो, पाट्यावर नाही.

दिशा. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर. किंगपिनचं वरचं टोक मागे न्यायचं आहे. अ‍ॅक्सल पाट्याच्या वर असेल, जसा मूळ जिप्सीत असतो, तर पाचरीचा जाड भाग पुढे. ज्यांनी पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेले आहेत त्यांनी नेमकं उलट करायचं, जाड भाग मागे. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो बघून पाचर बसवू नये, त्याचा पाटा कुठे आहे ते आधी बघावं.

निकाल: कॅस्टर ४.९ आणि ५.१. स्टिअरिंग झटक्यात परत येतं, पण पार्किंगमध्ये वळवताना खांदे भरून येतात. ५५-६० ला खड्ड्यातून गेलं की चाकं डोलतात, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि वेग उतरल्यावरच थांबतं. बेअरिंग नवी, चाकं बॅलन्स केलेली, म्हणजे हा जास्त कॅस्टरचाच परिणाम. यावर स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके खाणारा शॉक) बसवा असा सल्ला हमखास मिळतो. डॅम्पर थरथर लपवतो, बरी करत नाही, आणि तो झिजल्यावर ती दुप्पट होऊन परत येते.

दुसरी अडचण खाली. पुढच्या अ‍ॅक्सलचा पिनियन मागे बघतो. कॅस्टर वाढवायला अ‍ॅक्सल जितका फिरवला तितकं पिनियनचं नाक खाली जातं, आणि पुढचा शाफ्ट आधीच वरून खाली येतोय. पिनियनकडच्या क्रॉसचा कोन २ अंशांनी वाढला. चाकं पूर्ण लोंबकळत ठेवून शाफ्ट हाताने फिरवला तर योकचा कान योकला टेकला. फोर-व्हीलमध्ये उडी बसली असती तर क्रॉस तुटला असता, किंवा योक.

पाचरी त्याच संध्याकाळी बाहेर. एका पाचरीच्या मधल्या भोकाच्या कडेला यू-बोल्टच्या एकाच आवळण्यात केसासारखी भेग आली होती. अ‍ॅल्युमिनियम इथे चालत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार: १ अंश, माइल्ड स्टील

भोसरी एमआयडीसीत मिलिंग करून घेतल्या. माप देऊन ठेवतो: रुंदी ४५ मिमी, लांबी ११० मिमी, पातळ कड ३ मिमी, जाड कड ४.९ मिमी. पातळ कड शून्यावर न्यायला सांगू नये, धार दबते आणि यू-बोल्ट ढिले होतात. जोडी १,४०० रुपये.

मधल्या भोकातून पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं वर येऊन अ‍ॅक्सलच्या बैठकीत बसतं. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू न देणारी गोष्ट तीच. पाचरीने ४ मिमी खाल्ले की डोक्याची पकड तेवढी कमी होते. म्हणून उंच डोक्याचे सेंटर बोल्ट घेतले. बदलताना पाट्यांचा गठ्ठा दोन सी-क्लॅम्पनी धरून ठेवायचा, नाहीतर सेंटर बोल्ट सुटताच पाटे पंख्यासारखे उघडतात आणि बोटं मध्ये असतील तर वाईट.

यू-बोल्ट नवे, १,६०० रुपये. जुने एकदा ताणले गेलेले असतात, त्यांना पुन्हा तोच आवळ दिला तर तो टिकत नाही. चारही नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, शेवटी मॅन्युअलच्या आकड्यावर टॉर्क रेंचने. 'पाइप लावून आवळलं' हे प्रमाण नाही.

कॅस्टर: उजवीकडे ३.९, डावीकडे ४.१. दोन बाजूंत ०.२-०.३ चा फरक सुरुवातीपासून आहे, तो अ‍ॅक्सलच्या बैठकींचा. दोन बाजूंना वेगळ्या पाचरी लावून तो काढायला जाऊ नये. हौसिंग एकच आहे, ते पिळलं जाणार नाही, बुश आणि पाटे पिळले जातील. शिवाय आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला, म्हणजे इथे उजवीकडे, किंचित ओढते. फरक फायद्याचाच आहे.

थरथर नाही. स्टिअरिंग मूळ गाडीपेक्षा थोडं जड, पण एका हाताने फिरतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जिप्सीला ४ अंशांच्या वर जाण्यात काही अर्थ नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार: पुढचा शाफ्ट, लोंबकळत्या चाकांनी

चेसिस घोड्यांवर, चाकं हवेत. पुढचा शाफ्ट पूर्ण फेरा फिरवला. योकच्या कानांमध्ये दुमडलेलं वर्तमानपत्र सहज सरकतं, कुठेच टेकत नाही. मग एकच बाजू जॅकने उचलून, दुसरी लोंबकळत ठेवून तेच पुन्हा. ट्रेलवर गाडी नेहमी अशीच तिरकी असते, दोन्ही चाकं एकदम खाली फार क्वचित जातात.

स्लिप जॉइंट (शाफ्टचा सरकता जोड): ५० मिमी लिफ्टने आणि आता असलेल्या उताराने शाफ्टला साधारण १० मिमी जास्त लांब व्हावं लागतं. स्प्लाइनवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून उभ्या स्थितीतली आणि पूर्ण लोंबकळती, अशा दोन खुणा घेतल्या. पकड भरपूर उरते. म्हणून फ्लँजमध्ये स्पेसर (शाफ्टची लांबी भरून काढणारी चकती) घातला नाही. २ इंचांवर तो विकणारे बरेच आहेत. गरज नसताना घातला तर पाटा पूर्ण दबल्यावर शाफ्टला मागे सरकायला जागा राहत नाही आणि तो ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला ढुशी देतो.

ट्रान्सफर केस खाली उतरवणे हा उपाय या गाडीला लावला नाही. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मध्ये छोटा शाफ्ट. केस खाली घेतला की पुढचा-मागचा सुधारतो आणि मधला बिघडतो. मधला शाफ्ट आखूड असल्याने त्याचा कोन सगळ्यांत लवकर वाढतो, आणि तो टू-व्हीलमध्येही कायम फिरतो.

ब्रेकचे होज याच वेळी बघितले. चाक लोंबकळत, एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. पुढचे ठीक. मागच्या अ‍ॅक्सलचा मधला होज तणावात होता, त्याचा ब्रॅकेट चेसिसवर ३० मिमी खाली आणला. मागे भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत त्याचा दांडाही तेवढाच हलवावा लागतो. नाहीतर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात.

३० नोव्हेंबर, रविवार: ड्रॅग लिंक आणि स्टिअरिंगचा मध्य

लिफ्टनंतर स्टिअरिंग व्हील सरळ राहत नाही, कारण पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा हात) चेसिसबरोबर वर गेला, नकल तिथेच राहिली, आणि दोघांना जोडणाऱ्या, तिरक्या झालेल्या ड्रॅग लिंकने चाकं एका बाजूला ओढली. पटकन उपाय म्हणून स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवतात. हे करू नये. स्टिअरिंग बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट बनवलेला असतो, प्ले तिथे कमीत कमी. व्हील फिरवून बसवलं की दिसायला सरळ, पण बॉक्स मध्यापासून हटलेला राहतो, आणि सरळ रस्त्यावर नेमका ढिला भाग वापरला जातो.

योग्य क्रम: ड्रॅग लिंक एका टोकाला सोडवायची. स्टिअरिंग एका लॉकपासून (वळण्याच्या टोकापासून) दुसऱ्या लॉकपर्यंत मोजून निम्म्यावर आणायचं, तिथे बांधून ठेवायचं. चाकं हाताने सरळ करायची. मग लिंकची लांबी अशी करायची की एन्ड आपसूक भोकात बसेल. इथे ५ मिमी लांब करावी लागली. लांब केल्यावर एन्डच्या आट्या आत किती उरल्या ते मोजायचं. लॉक नट आवळताना दोन्ही एन्ड त्यांच्या फिरण्याच्या मध्यावर ठेवायचे, नाहीतर चाक लोंबकळताना एक बॉल जॉइंट अडतो.

बंप स्टिअर (पाटा दबला की चाक आपोआप वळणं) मोजला. स्टिअरिंग बांधून, टायरच्या बाजूला सरळ पट्टी टेकवून समोरच्या भिंतीवर खूण केली, आणि गाडीच्या नाकावर वाळूची पोती टाकून व रॅचेट पट्ट्यांनी चेसिस अ‍ॅक्सलकडे ओढून पाटे ५० मिमी दाबले. लिंकचा उतार ७.५ अंशांवरून ४ वर आला, तिचं टोक ५ मिमी सरकलं आणि चाक जवळजवळ २ अंश वळलं. खराब रस्त्यावर स्टिअरिंग हातात हलतं ते यामुळे.

झेड आकाराची वाकवलेली ड्रॅग लिंक यावर उपाय म्हणून विकली जाते. दोन बॉल जॉइंटच्या मध्यांना सुतळी बांधून बघा: लिंक कशीही वाकवली तरी सुतळी तिथेच राहते. अ‍ॅक्सलला फक्त ती सुतळीच कळते, नळीचा आकार नाही. झेड लिंकने पाट्यापासून किंवा चेसिसपासून जागा मिळते, बंप स्टिअर तसूभर कमी होत नाही. उलट वाकलेली नळी जोरात वळवताना स्वतःभोवती फिरते आणि स्टिअरिंगला उशीर करते. खरा उपाय म्हणजे सुतळीचं एक टोक हलवणे: खाली उतरवलेला पिटमन आर्म किंवा उंच नकल आर्म, दोन्ही एकसंध फोर्ज केलेले. पिटमन आर्म कापून वेल्ड करून देणारे फॅब्रिकेटर भेटतात. तो भाग तुटला तर गाडीला स्टिअरिंगच उरत नाही. तो वेल्ड कोणीही, कितीही चांगला करून दिला तरी घेऊ नये.

२ इंचांवर मूळ सरळ लिंक ठेवली. २ अंश सहन करण्यासारखे आहेत.

७ डिसेंबर, रविवार: टो, लॉक, बंप स्टॉप

टो सर्वांत शेवटी. गाडी पुढे ढकलून थांबवायची, मागे घेऊन मोजायचं नाही, मागे घेतल्यावर सगळा प्ले उलट्या बाजूला जातो. टायरच्या मधोमध खडूची रेघ, हबच्या उंचीवर पुढून माप, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून तीच रेघ मागे आल्यावर पुन्हा माप. ३ मिमी टो-इन ठेवला. नंतर एका अलाइनमेंट मशीनवर ६०० रुपये देऊन पडताळला, टो आणि कॅस्टर दोन्ही जुळले.

पूर्ण लॉकवर नवा टायर डाव्या पाट्याला घासत होता. नकलवरचा स्टॉपर बोल्ट दोन फेरे बाहेर काढला. वळण-वर्तुळ थोडं वाढलं.

बंप स्टॉप (पाटा जास्त दबू न देणारा ठोकळा) तपासायला शाडू माती. मुठीएवढे गोळे बंप स्टॉपवर, शॉकच्या नळीवर टोकाशी आणि फेंडरच्या आत टायरच्या वर लावले, एक पुढचं चाक उंच धोंड्यावर चढवलं. फेंडरवरची माती १५ मिमी उरली, ठीक. शॉकवरची मात्र पूर्ण चेपली, म्हणजे बंप स्टॉप टेकण्याआधी शॉक आपटतोय. लांब शॉक बंद झाल्यावरही लांबच असतो, हे घेताना कोणी बघत नाही. पुढच्या बंप स्टॉपखाली २५ मिमीचे ठोकळे लावल्यावर शॉकवर १० मिमी माती उरायला लागली.

१४ डिसेंबर, रविवार: पुन्हा आवळणे आणि हिशेब

यू-बोल्ट १०० किलोमीटरवर तपासले तेव्हा पाव फेरा घेतला, ५०० वर जवळजवळ काही नाही. पाचर असलेल्या गाडीत हे दोन्ही टप्पे चुकवू नयेत.

शेवटचे आकडे: कॅस्टर ३.९ आणि ४.१, टो-इन ३ मिमी, मागच्या क्रॉसमध्ये फरक ०.२, ९० पर्यंत गाडी सरळ जाते. लिफ्टच्या पाट्यांशिवाय खर्च ११,५०० रुपये: गेज १,३००, किंगपिन बेअरिंग २,६००, शॅकल बुश ९००, क्रॉस १,३००, फुकट गेलेल्या पाचरी १,८००, स्टीलच्या पाचरी १,४००, यू-बोल्ट १,६००, अलाइनमेंट तपासणी ६००. सेंटर बोल्ट आणि ठोकळे भंगारातून.

उरलेलं: मागची उजवी बाजू अजून ५ मिमी खाली आहे. बुश सैल करून पुन्हा आवळल्यावर ८ चे ५ झाले, बाकीचं पाट्याच्या कमानीतलं आहे. तो सेट पाटेवाल्याकडे पाठवायचा, आणि परत आल्यावर मागच्या शाफ्टचे तीनही कोन नव्याने मोजायचे.